चौकशीसाठी घर नंबर चार

भर सभेत मी आयुष्यात एकच वाक्य बोललो आहे, आणि तेही अर्धं. उरलेलं अर्धं टाळ्यांत बुडालं. ते ऐकू आलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मला अजून वाटतं. पण मला वाटतं त्याला फारसा अर्थ नसतो, हेही मी जाणून आहे.

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं. देशात माणसं पुन्हा मोकळेपणी बोलू लागली होती, आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात आमच्या वसाहतीनं बोलण्यावर बंदी घालायचं ठरवलं. त्याला कारण मारोतरावांची प्रमोदिनी.

आमची वसाहत सदर बाजाराच्या पलीकडे. बहुतेक घरं नोकरदारांची, अंगणांमधल्या भिंती कंबरेइतक्या. नागपूरच्या उन्हाळ्यात घरात झोपणं अशक्य, त्यामुळे चार महिने सगळी वसाहत अंगणात खाटा टाकून झोपते. कोण घोरतं, कोण दात खातं, कोणत्या नवराबायकोचं भांडण अर्ध्यावर राहिलं आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हिवाळ्यात आम्ही दारं लावून घेतो आणि एकमेकांशी अनोळखी असल्यासारखे सभ्यपणे वागतो.

स्थळाची चौकशी करणारी माणसं येतात ती हिवाळ्याच्या शेवटी. मुलाकडचा कोणी मामा नाहीतर मावसा बसमधून उतरतो, पानठेल्यावर उभा राहतो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, “इथं मारोतराव राहतात म्हणे?” मुलीच्या घरी तो जात नाही. शेजारीपाजारी विचारून, अंदाज घेऊन परत जातो. तसा एक मामा प्रमोदिनीसाठी आला आणि सात नंबरच्या सिंधूताईंना भेटला. सिंधूताईंनी पोरीची पोटभर स्तुती केली. मामा उठता उठता म्हणाला, “काही खोड वगैरे?” त्यावर त्या म्हणाल्या, “खोड कसली बाप्पा! झोपेत बोलते तेवढी.”

स्थळ मोडलं. झोपेत बोलणारी सून घरातलं सगळं बाहेर सांगेल, असं मुलाच्या आईचं म्हणणं पडलं.

मारोतराव रेल्वेतून निवृत्त झालेले, वसाहतीचे अध्यक्ष. त्यांनी सभा बोलावली. मी मागच्या सतरंजीवर भिंतीला टेकून, पुस्तक मांडीखाली ठेवून बसलो होतो.

“माझ्या घरातली गोष्ट बाहेर सांगायचा अधिकार कोणी दिला यांना?” मारोतराव गरजले.

सिंधूताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “अजी, घरातली कशी? अंगणातली होय. साऱ्या वसाहतीनं ऐकली. त्यानं विचारलं, मी सांगितलं. खोटं सांगितलं काय?”

“खरं असलं म्हणून काय झालं?”

“काय झालं? आमची भाची कौशल्या दिली त्या वर्ध्याच्या घरी. पोरगा दारू पिते हे शेजाऱ्यायले ठाऊक होतं. एकानं तोंड नाही उघडलं. म्हणे, दुसऱ्याच्या घरातलं आपण काहून सांगाव? सहा महिन्यांत पोरगी परत आली माझ्या भावाकडे.”

मला दोघांचंही पटलं. हा माझा जुनाच रोग. जो बोलेल त्याचं पटतं, मग दुसरा बोलतो आणि त्याचं जास्त पटतं. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, “माहिती द्यावी, पण ज्याची आहे त्याला विचारून द्यावी…” पुढे मी म्हणत होतो की ‘पण हे कितपत जमेल कोण जाणे’. तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

पाच मिनिटांत ठराव झाला. चौकशीला आलेल्या माणसाशी वसाहतीत कोणीही एक शब्द बोलायचा नाही. त्याला एका ठरावीक माणसाकडे पाठवायचं. त्या माणसानं घरच्यांनी परवानगी दिली असेल तेवढंच सांगायचं. बाकी काहीही विचारलं तर म्हणायचं, “त्याबद्दल सांगण्याची मला मुभा नाही.” आणि तो माणूस मी.

“गोपाळरावांइतका सुरक्षित माणूस नाही,” मारोतराव म्हणाले. “वीस वर्षं झाली, कोणाशी बोलल्याचं कोणी पाहिलं नाही.”

ही स्तुती होती की काय, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. घरी यमुताईंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तो प्रश्न निकालात काढला. “लोकांच्या पोरींचं सांगत बसा आता. आपली अठ्ठावीस वर्षांची घरात आहे, तिचं कोण सांगणार?”

आमची अरुंधती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “आई, बाबांना पद मिळालं. आधी साखर तरी ठेव त्यांच्या हातावर.”

दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली: ‘चौकशीसाठी घर नंबर चार’. रंगाऱ्यानं आपल्या बुद्धीनं खाली एक मोठा हात काढला. त्याचं बोट थेट माझ्या खिडकीत घुसत होतं. त्याच खिडकीशी बसून मी वाचत असे.

मग परवानग्या द्यायला घरोघरची माणसं येऊ लागली. प्रत्येकाला स्वतःबद्दल चांगलं तेवढंच सांगायचं होतं. मारोतराव म्हणाले, “सांगा, स्वयंपाक उत्तम, शिवण उत्तम, स्वभाव शांत.”

“प्रकृती?” मी विचारलं.

“प्रकृतीत सांगण्यासारखं काही नाही. ते राहू द्या.”

आठवड्यात प्रमोदिनीसाठी नवा माणूस आला. मी परवानगीचं सगळं घडाघडा सांगितलं. त्यानं चहा ढवळत सहज विचारलं, “पोरगी तब्येतीनं बरी आहे ना?”

मी म्हणालो, “त्याबद्दल सांगण्याची मला मुभा नाही.”

चमचा थांबला. “म्हणजे चालता-फिरताना वगैरे…?”

“मुभा नाही.”

“डोळे?”

डोळे सुंदर आहेत हे मला ठाऊक होतं. पण शेजारच्या मुलीचे डोळे सुंदर आहेत असं परवानगीवाचून सांगणं मला दुप्पट अवघड. मी नुसती नकारार्थी मान हलवली. त्यानं चहा तसाच ठेवला आणि जाताना माझा खांदा थोपटला. एवढ्या सहानुभूतीनं आजवर मला कोणी थोपटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नकार कळताच, मारोतराव प्रमोदिनीला घेऊन आले. माझ्या अंगणात त्यांनी तिला तीन फेऱ्या चालायला लावलं. “पाहा! नीट पाहा! लंगडते का कुठं?” वसाहत कंबरेइतक्या भिंतींवरून पाहत होती. प्रमोदिनी रडवेली झाली होती, आणि मी तुळशीकडे पाहत, ती किती छान चालते हे अंदाजानं सांगत होतो.

पण खरी आफत पुढेच होती. आमच्या लोकांना ठराव फार आवडला. न बोलण्यातही एक मौज असते, ती त्यांना प्रथमच कळली. मग कोणीही काहीही विचारलं तरी उत्तर एकच: “चार नंबरात विचारा.” पोस्टमन, इस्त्रीवाला, वीजमीटर पाहणारा, कोणाचा तरी चुलतभाऊ वळकटीसकट, सगळे माझ्या दारात. गॅसवाल्यानं साऱ्या वसाहतीची सिलिंडरं माझ्या फाटकात उभी केली आणि निघून गेला. माणसं टाळण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या ओसरीवर आता एसटी स्टँडची वर्दळ.

सल्ले पुष्कळ मिळाले. मारोतराव म्हणाले, भेटीची वेळ ठरवा. सिंधूताई म्हणाल्या, “दाराशी कुत्रं बांधा.” देवराव तारखात्यातले. ते म्हणाले, “थोडक्यात बोलत जा, गोपाळराव. शब्द मोजून.” मी याहून थोडक्यात कसं बोलणार होतो, हे त्यांनी सांगितलं नाही.

याच देवरावांच्या वसंतला रेल्वेत नोकरी लागली. सरकारी नोकरी म्हणजे आधी पोलिसांकडून वर्तणुकीची चौकशी. हवालदार आला तेव्हा देवरावांकडचे सगळे घरच्या लग्नासाठी भंडाऱ्याला गेले होते. हवालदार चार घरं हिंडून चार नंबरात आला, टोपी काढून बसला.

“काकाजी, लडका कैसा है, बस इतना बता दो. मी तुमच्यासमोर लिहितो अन् जातो.”

वसंत सोन्यासारखा पोरगा. पण देवरावांनी मला दिलेली परवानगी सोयरिकीची होती. पोलिसांचा तीत उल्लेख नव्हता. मी रात्रंदिवस नियम वाचणाऱ्या कचेरीत नोकरी केलेली. जीभ आपोआप वळली. “त्याबद्दल सांगण्याची मला मुभा नाही.”

हवालदारानं आवाज खाली आणला. “कौन रोक रहा है आपको? डरिये मत.”

“कोणी नाही. वसाहतीचाच ठराव आहे.”

“मतलब पूरी बस्ती डरती है?” असं म्हणून त्यानं लिहिलं आणि गेला. त्यानं लिहिलं होतं की मुलाबद्दल बोलायला शेजारी धजत नाहीत.

वसंतचं प्रकरण अडकलं. देवराव परत आल्यावर एक अक्षर बोलले नाहीत. तारखात्यातला माणूस, वाईट बातमीची सवय असलेला. मला त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. आम्ही दोघं चौकीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, “ठीक आहे, तुम्ही शेजारी. पोराची हमी देता. पण तुम्ही कोण? तुमच्याबद्दल कोण सांगेल?”

मी खरं तेच सांगितलं. “आमच्या वसाहतीत चौकशी करा.”

हवालदार गेला, आणि अर्ध्या तासात परतला. “साहब, सब बोलते हैं चार नंबर में पूछो.”

“चार नंबरात कोण राहतं?”

“मी,” मी म्हणालो.

असे आम्ही किती खेपा घातल्या ते आठवत नाही. एवढं आठवतं की तिथल्या बाकाचा एक पाय आखूड होता, आणि दर खेपेला मला तीच बाजू मिळायची. शेवटी एक दिवस सिंधूताई पदर खोचून आमच्या मागोमाग आल्या. साहेबांसमोर बसल्या आणि वसंतच्या बारशापासून सुरुवात केली. त्याचा गोवर, कांजिण्या, शाळेतली बक्षिसं, आईच्या दुखण्यात त्यानं केलेल्या पोळ्या. साहेबांनी दोनदा “बस, बाई” म्हटलं. त्या नववीपर्यंत पोहोचल्या होत्या. साहेबांनी कागदावर सही केली आणि स्वतः उठून त्यांना दारापर्यंत सोडलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “सिंधूताई, हे ठरावाच्या विरुद्ध झालं.”

“मंग करा गुन्हा दाखल,” त्या म्हणाल्या. “चौकी हेच होय.”

यानंतर मी राजीनामा द्यायचं ठरवलं. मनात मसुदा तयार होता. पण मारोतराव समोर आले की तो मला आठवत नसे. अशात फाल्गुनातल्या एका दुपारी फाटक वाजलं. धोतर, काळी टोपी आणि खांद्यावर संत्र्यांची टोपली घेतलेले एक गृहस्थ उभे होते.

“राम राम जी. चौकशी इथंच होते ना?”

मी त्यांना ओसरीवर बसवलं. त्यांनी टोपली पायाशी ठेवली, पाणी प्याले. “मी धोंडबा. काटोलचा. भाच्यासाठी आलो. मधुसूदन त्याचं नाव, कॉलेजात शिकवते. या वसाहतीत अरुंधती म्हणून पोरगी आहे म्हणतात. तिच्याबद्दल सांगा.”

काटोलचं स्थळ आहे असं यमुताई दोन दिवसांपूर्वी म्हणाल्या होत्या. मी तेव्हा वाचत होतो. आता खरं म्हणजे मी लगेच सांगायला हवं होतं, की अहो, मीच तिचा बाप. पण ‘मीच’ हा शब्द मला नेहमी जड जातो. तो जुळवेपर्यंत पहिला प्रश्न येऊन गेला.

“पोरगी कशी आहे?”

“चांगली आहे,” मी म्हणालो. “हुशार आहे. बोलते जरा सडेतोड.”

“अन् बाप?”

आता परत फिरणं शक्य नव्हतं. “बरा आहे.”

“बरा म्हंजे? करते काय?”

“वाचतो.”

“अन् बाकीच्या टायमात?”

“वाचतोच.”

धोंडबाजींनी मान हलवली. ते माझ्या तोंडाकडे पाहत नव्हते. त्यांची नजर सारखी माझ्या डाव्या कानाशी जात होती. दाढी करताना साबण राहिला असेल म्हणून मी कान पुसला. त्यावर ते उजव्या कानाकडे पाहू लागले.

“लोक म्हणतात, घमेंडी आहे. कोणाशी बोलत नाही.”

“घमेंड नाही,” मी म्हणालो. “भितो.”

“काहाले?”

“माणसांना.”

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याबद्दल म्हणून सांगताना सोपं गेलं.

“अन् पोरीची माय? स्वभावानं?”

स्वयंपाकघराचा पडदा हलला. मी म्हणालो, “त्याबद्दल सांगण्याची मला मुभा नाही.” आत एक भांडं जोरात आपटलं.

धोंडबाजी थोडे पुढे झुकले. “आता एकच. या पोरीचं याच्या आधी कुठं जमलं होतं काय?”

जमलं होतं. दोन वर्षांपूर्वी साखरपुडा झाला होता आणि मोडला होता. हे कोणापाशी बोलायचं नाही, अशी यमुताईंची ताकीद होती. मुलीचं लग्न ठरेस्तोवर घरात ती गोष्ट उच्चारायचीही नाही. एक ‘नाही’ म्हटलं की काम झालं असतं. ‘मुभा नाही’ म्हटलं असतं तर प्रमोदिनीसारखं झालं असतं. मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, आणि माझे दोन्ही कान तापू लागले. लहानपणापासूनची ही माझी खोड आहे. खोटं ओठांवर यायच्या आत कान तापतात. त्या खोडीपायी शाळेत मी मार खाल्ला, कचेरीत बढती गमावली. धोंडबाजी एकटक पाहत होते.

“जमलं होतं,” मी म्हणालो. “तिनंच मोडलं. ते लोक म्हणाले, शाळा सोड. ती म्हणाली, मुलगा सोडते. तिच्या बापाला ते आवडलं होतं. त्यानं सांगितलं नाही कोणाला.”

चुकलं, असं मला वाटलं. आयुष्यभर गप्प राहून, नेमकं तेच बोललो होतो जे बोलायचं नव्हतं; आणि किंमत मी नाही, अरुंधती देणार होती. ती शाळेतून कधी आली होती कोण जाणे. पडदा सारून ती चहा घेऊन बाहेर आली.

“बाबा, चहा,” ती म्हणाली. “आणि ‘तिचा बाप’ कोणाला म्हणून राहिले होते मघापासून?”

मी संत्री पाहू लागलो. धोंडबाजींना मात्र काडीचं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी शांतपणे बशीत चहा ओतला.

अरुंधती समोर बसली. “काकाजी, तुमचं विचारून झालं असेल तर मी विचारू? मुलाचं याआधी कुठं जमलं होतं का?”

धोंडबाजींची बशी ओठांपाशी थांबली. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, “त्याबद्दल सांगाची मले मुभा नाही, बाई.”

मग त्यांच्याच मिशा थरथरल्या, आणि ते इतके हसले की चहा धोतरावर सांडला. “सांगतो, सांगतो. दोन ठिकाणी मोडलं. एका पोरीनं तोंडावर नाही म्हटलं. अन् पोरगा घोरते. असा घोरते का बगीच्यातली संत्री गळतात. तो माणूस मात्र सरळ आहे. शाळेचं त्यालेच विचार. ऐतवारी आणतो.”

“आणा,” अरुंधती म्हणाली.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. पाटीवरचा हात आमच्याकडेच बोट दाखवत होता. मला राहवलं नाही. “धोंडबाजी, मीच बाप आहे हे तुम्हाला कधी कळलं?”

“येतानाच. सात नंबरातल्या बाईनं सांगतलं.”

“सिंधूताईंनी? काय सांगितलं?”

त्यांनी थोडा संकोच केला. “म्हणे, बाप चार नंबरात भेटते. बावळट आहे. जे विचाराचं ते विचारा, पण तोंडाकडे पाहू नका, कानाकडे पाहा. खोटं बोलला का लाल होतात.”

“झाले होते?”

“शेवटी होऊन राहिले होते,” ते म्हणाले. “मंग तुम्ही खरं बोलले. म्हटलं, या घरची पोरगी न्यावी.”

मी तसाच सात नंबरात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणाशी भांडायला निघालो होतो. “सिंधूताई, माझ्या घराबद्दल तुम्ही माझ्या परवानगीवाचून सांगितलंत.”

“बाप्पा! परवा विचारायले आली होती ना मी. खिडकीतून विचारलं, गोपाळराव, तुमच्याबद्दल कोणी विचारलं तर सांगू काय? तुम्ही ‘हूं’ म्हटलं.”

“मी वाचत असेन.”

“मंग? तुमची परवानगी याहून मोठ्यानं असते काय?”

मी परत आलो आणि पाटी काढली. कोणी हरकत घेतली नाही. वसंत नोकरीवर रुजू झाला. प्रमोदिनीला पुढच्याच महिन्यात स्थळ आलं. तो मुलगाही झोपेत बोलतो म्हणे, आणि हे सिंधूताईंनीच कुठून तरी शोधून आणलं. अरुंधती आणि मधुसूदन त्या रविवारी ओसरीवर दोन तास बोलले. मला आतून एक शब्द ऐकू आला नाही, आणि मी ऐकण्याचा प्रयत्न केला नाही असं म्हणणार नाही. लग्न वैशाखात झालं. अरुंधतीची शाळा चालू आहे. आता काटोलहून पहाटेच्या बसनं येते.

ज्येष्ठात जावई पहिल्यांदा मुक्कामाला आले. अंगणात त्यांची खाट टाकली. धोंडबाजींनी सांगितलं त्यात अतिशयोक्ती नव्हती. सकाळी साऱ्या वसाहतीचे डोळे तारवटलेले होते. मारोतराव माझ्याशी बोलले नाहीत. सिंधूताई भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून माझीच वाट पाहत उभ्या होत्या.

“काहो गोपाळराव, जावई घोरतात काय?”

“छे,” मी म्हणालो, “मुळीच नाही.”

ऊन अजून वर यायचं होतं. पण मी खुंटीवरचा दुपट्टा काढला आणि दोन्ही कानांवरून घट्ट बांधला. उन्हाळ्यात नागपुरात त्याचं कारण कोणी विचारत नाही.